वाशिष्ठीकाठचे पाच गडी

रत्नागिरी जिल्ह्यात पाच दिवस राहून आले आणि समुद्र धड पाहिला नाही, असं सांगितलं की सांगलीत लोक हसतात. हापूसचा हंगाम संपलेला, होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांखाली झाकलेल्या, आषाढाची अखेर. अशा दिवसांत कोकणात कोण जातं? मी गेले होते उज्ज्वला तांबेचे गडी बघायला. जाताना पोटात हेवा होता. तो लपवून हे वर्णन लिहिता येणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

उज्ज्वला आणि मी पुण्यात एकाच कंपनीत, समोरासमोरच्या टेबलांवर बरीच वर्षं काढली. ती चिपळूणची, मी सांगलीची. दोघींची गावं पुरात बुडणारी, त्यामुळे पावसाळ्यात डबा खाताना आमचं बोलणं त्याच वाटेने जायचं. त्या बोलण्यातूनच ही कल्पना निघाली. एक अवाढव्य प्रोग्राम लिहिण्याऐवजी लहान लहान चार-पाच लिहायचे. एकाने फक्त पाऊस बघायचा, एकाने नदी, एकाने रस्ते. प्रत्येकाने आपल्याला दिसलेलं बाकीच्यांना सांगायचं, अडलं तर विचारायचं, आणि सगळ्यांनी मिळून माणसाला सल्ला द्यायचा. शेवटचा शब्द माणसाचा. या प्रकाराला आमच्या धंद्यात एजंट म्हणतात. उज्ज्वला म्हणाली, ‘एजंट म्हटलं की विम्याचा वाटतो. आपण गडी म्हणू.’

पुढे दोघींनी नोकरी सोडली आणि आपापल्या गावी गेलो. माझे गडी एक पावसाळा चालले. या कार्यालयाचे पाण्याचे आकडे त्या कार्यालयाला मिळायचे नाहीत, आणि मला तर कोणाचेच मिळायचे नाहीत. बिचारे बसून राहायचे. शेवटी मीच ते बंद केले. उज्ज्वलाचे मात्र चिपळुणात रुजले, खेडला गेले, रत्नागिरीपर्यंत पोहोचले. ‘ये की बघायला,’ असं ती दर पावसाळ्यात म्हणायची आणि दर पावसाळ्यात मला काहीतरी काम निघायचं. यंदा निघालं नाही.

कुंभार्ली घाट

कराड, पाटण मागे पडलं आणि कोयनेनंतर धुकं इतकं दाटलं, की एसटीच्या काचेबाहेर कोणीतरी चादर वाळत घातल्यासारखं दिसू लागलं. घाटाच्या तोंडाशीच कंडक्टरचा फोन वाजला. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, ‘हो बाई, थांबवतो.’ ड्रायव्हरला त्याने हाक दिली, ‘खालच्या वळणावर दगड आलेत. बाईंचा फोन होता.’

गाडी कडेला लागली. मी विचारलं, ‘कुठल्या बाई?’

‘माणूस नाय ओ. तांबे मॅडमचा गडी. आवाज मोरे बाईंचा,’ कंडक्टर म्हणाला. ‘आमच्या शाळेत होत्या बाई. आता हेडबाई झाल्यात. त्यांच्या आवाजात सांगितलं की नाय म्हणायची हिंमत होत नाय.’

थोड्या वेळाने पुन्हा फोन आला. या वेळी त्याने मला ऐकू दिला. कोकणी हेल काढत, घाई न करता तो आवाज म्हणाला, ‘नमस्कार. मी यंत्र आहे, आवाज मोरे बाईंचा. दगड बाजूला झालेत. एका वेळी एकच गाडी सोडतायत. तुमचा नंबर तिसरा.’

माझ्या गड्यांना मी रेडिओवरच्या बातम्यांसारखा आवाज दिला होता. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. पुढचा सगळा घाट मी हिरव्या डोंगरांकडे बघत त्या एका गोष्टीवर जळत उतरले.

चिपळूण

उज्ज्वलाचं घर गावाच्या उंच अंगाला आहे. दारापर्यंत जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्या, त्यावर शेवाळ. आमच्या काळ्या मातीत पाय रुततो, इथे तो निसटतो, हा फरक मला तिसऱ्या पायरीवर कळला. मी सपशेल आपटले आणि मनगट मुरगळलं. उज्ज्वलाच्या सासूबाई आतून तेलाची वाटी घेऊनच बाहेर आल्या, जणू पाहुणा पडणार हे ठरलेलंच होतं.

‘देशावरची माणसा हितं पयल्या दिवशी पडतातच,’ मनगट चोळत त्या म्हणाल्या. ‘चप्पल काढून चढायचा. पायाला कळता दगुड कसा हाय तो.’

जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी आणि वांग्यात घातलेले सुक्या कोळंबीचे सोडे होते. ओली मासळी या दिवसांत नाही, म्हणून सासूबाई सारखी माफी मागत होत्या. भाकरी इतकी मऊ की आमच्या ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या हाताला ती मोडायची की उचलायची ते कळेना. जेवणं झाल्यावर त्या वर्षावासाचं वाचन ऐकायला विहारात गेल्या. उज्ज्वलाचा नवरा प्रकाश आणि आठवीतली लेक रेवा वह्या तपासत बसले. तो खाडीच्या बाजूच्या एका गावात शिक्षक आहे. मोरे बाईंच्याच शाळेत. रेवा त्याच्याबरोबर तिथेच जाते.

उज्ज्वलाने मग मला गडी दाखवले. आहेत पाच: पावसाचा, नदीचा, दरडीचा, रस्त्याचा आणि फोनचा. पावसाळा सरला की हेच सड्यावरचे, म्हणजे वरच्या कातळी माळावरचे वणवे आणि नाल्यांचं पाणी बघतात. ते एकमेकांशी मराठीत बोलतात. त्यांचं बोलणं पडद्यावर ओळीओळीने उमटतं, त्यामुळे कोण काय म्हणाला ते कुणालाही वाचता येतं.

‘भांडतात का गं?’ मी विचारलं.

‘मतं वेगळी पडतात. पण नवीन काही दिसलं की आपलं मघाचं म्हणणं सोडून देतात.’

आमच्या सांगलीच्या बैठका मला आठवल्या. एकाने पाणी वाढेल म्हटलं की दुसऱ्याने नाही म्हणायचं, आणि मग पाणी गळ्याशी येईपर्यंत दोघांनी शब्द फिरवायचा नाही. माणसांचा हेवा मी पुष्कळ केला आहे. प्रोग्रामचा हेवा त्या दिवशी पहिल्यांदा केला.

खेड

दुसऱ्या दिवशी उज्ज्वला मला खेडला घेऊन गेली. जगबुडी नदीचं नावच असं आहे की तिच्याकडे बघताना माणूस आवाज खाली आणतो. आमची कृष्णा सांगून चढते. दोन दिवस आधी चर्चा, मग एकेक गल्ली, आणि आली की आठवडाभर मुक्काम. कोकणातल्या नद्या सकाळी येतात आणि संध्याकाळी चिखल ठेवून जातात. वरून डोंगराचं पाणी, खालून भरतीचं, मधे गाव.

बाजारपेठेत धान्याचं दुकान असलेले शेट्ये काका आम्हाला चहाला घेऊन बसले. शेजारच्या दुकानदाराशी त्यांचं कित्येक वर्षांचं वैर. कशावरून, ते त्यांनाही नीट सांगता येईना. मागच्या महिन्यात पाणी येण्याच्या आधी फोनच्या गड्याने त्यांना सांगितलं, तुमची पोती वर चढली असतील तर शेजारी जा, त्यांची पाठ धरली आहे आणि दुकानात दुसरं कोणी नाही.

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय, गेलो. सगळी पोती चढवली मी आणि माझ्या माणसानी.’

‘आता बोलता का एकमेकांशी?’

‘छे,’ काका म्हणाले. ‘बोलायचं काय त्यात?’

मी हसले, पण चहा कडू लागला. काकांनी विचारलं, ‘तुमच्या सांगलीला हायत का असले गडी?’ उज्ज्वलाने पटकन बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली. ती मला सांभाळून घेत होती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मिरजोळे

गड्यांची मुख्य खोली रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे, कारण तिथे वीज सहसा जात नाही आणि जागा सड्यावर, उंचावर आहे. तिसऱ्या दिवशी पहाटेच निघून आम्ही तिथे पोहोचलो. पत्र्याची शेड, चार पडदे, आणि यंत्रं सांभाळणारा इम्तियाज. त्याने घरून आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं आणलं होतं. आम्ही जेवून हात धूत होतो तेव्हा पडद्यावर ओळी भराभर येऊ लागल्या.

पावसाचा गडी म्हणाला, ‘चिपळूणच्या खालच्या अंगाला पाऊस वाढतोय. आज थांबेल असं वाटत नाही.’

रस्त्याचा म्हणाला, ‘मोरे बाईंच्या शाळेची मुलं आत्ता निघाली तर साकव ओलांडून घरी पोहोचतील असा माझा अंदाज आहे. उशीर झाला तर सांगता येणार नाही.’

त्या शाळेची बरीचशी मुलं पऱ्याच्या पलीकडच्या वाड्यांतली. पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा, आणि साकव म्हणजे त्यावरचा अरुंद पूल. शाळा स्वतः टेकाडावर आहे, तिला पाण्याची भीती नाही. भीती मधल्या साकवाची.

नदीचा गडी म्हणाला, ‘दुपारी अमावस्येच्या उधाणाची भरती आहे, खाडीचं पाणी पऱ्यात शिरेल. दुसरं म्हणजे, साकवाच्या खांबावरच्या मापकाचा माझा आकडा मघापासून हललेला नाही. एवढ्या पावसात तो हलायला हवा. खांबाला काहीतरी अडकलं असावं. या ठिकाणी माझ्यावर विसंबू नका.’

फोनचा म्हणाला, ‘साकवाजवळच्या घरांना फोन लावले. एकाच आजोबांनी उचलला. ते म्हणतात, पावसात काही दिसत नाही.’

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते होतं, ‘अडकले.’ दोन दिवस ज्यांचं कौतुक ऐकलं ते ऐन वेळी अडले, आणि माझ्या आत काहीतरी सैल झालं, बरं वाटलं. ते बरं वाटणं जेमतेम क्षणभर टिकलं, तोच मोरे बाईंचा फोन आला. खऱ्या मोरे बाईंचा.

‘उज्ज्वला, पोरं दप्तरं भरून उभी आहेत. सोडू की ठेवू?’

उज्ज्वलाने फोनवर हात ठेवला आणि ती माझ्याकडे वळली. ‘संध्या, तू सांग. रेवा आहे तिथे. प्रकाश आहे. मला वाटतं ठेवा, पण ते माझं आईपण बोलतंय की डोकं, मला कळत नाहीये. तू सांग.’

किती वर्षं मला कोणीतरी हा प्रश्न विचारायला हवा होता. विचारला तेव्हा मी उत्तर शोधायला पडद्याकडे वळले. तिथे रस्त्याच्या गड्याने आपली ओळ बदलली होती. ‘नदीचा आकडा खरा धरून मी अंदाज केला होता. तो धरता येत नसेल तर माझाही अंदाज सोडा.’ म्हणजे आता कोणालाच काही माहीत नव्हतं, आणि तसं ते स्पष्ट सांगत होते. ठेवली तर मुलं रडतील, उपाशी कुरकुरतील, आयाबाया जीव खातील. सोडली तर कदाचित नीट पोहोचतील. त्या कदाचितवर पोरांना साकवावर घालायचं?

‘ठेवा,’ मी म्हटलं.

उज्ज्वलाने फोनवरचा हात काढला. ‘ठेवा बाई. वरच्या वर्गात न्या सगळ्यांना.’

मग फोनचा गडी कामाला लागला. एकेका पालकाला तो मोरे बाईंच्या आवाजात सांगत होता, की मुलगा शाळेत सुखरूप आहे, खिचडी शिजते आहे, साकवाकडे कोणी येऊ नका. निम्म्या मुलांचे वडील मुंबईला. त्यांतल्या एकाचं बोलणं आम्ही ऐकलं. त्याने तेच तेच पुन्हा विचारलं, आणि गड्याने दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं उत्तर दिलं. शेवटी तो म्हणाला, ‘तुमी यंत्र आहात ना? मग जरा बाईंना द्या.’ गड्याने फोन लगेच खऱ्या बाईंना जोडून दिला. इम्तियाज चहा घेऊन आला तो कोणी प्यायलाच नाही.

चिपळूणचा रस्ता बंद झाल्यामुळे आम्ही मिरजोळ्यातच अडकलो.

पुन्हा चिपळूण

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि आम्ही आधी शाळेकडे गेलो. साकवाचा एका बाजूचा कठडा गेला होता आणि खांबाला फणसाचं एक अख्खं झाड अडकलं होतं. कठडा कधी गेला ते कोणी पाहिलं नव्हतं. मुलं आदल्या दुपारी सुटली असती तर त्याआधी पार झाली असती की नाही, हे कोणालाच सांगता येणार नव्हतं, आणि कधी सांगताही येणार नाही. माझा निर्णय बरोबर होता की फक्त पोरांचे हाल करणारा, याचं उत्तर त्या चिखलात कुठेही नव्हतं. लोकांनी वाश्यांचा आधार केला आणि एकेका मुलाला हाताला धरून पलीकडे नेलं. रेवाला तर घरीच जायचं नव्हतं, रात्रभर मजा झाली म्हणाली. उज्ज्वलाने तिला असं काही कवटाळलं, की पोरगी ‘आई, सोड’ म्हणू लागली.

मोरे बाई भेटल्या. बुटक्या, चष्म्यामागे जागरणाने तारवटलेले डोळे. ‘उज्ज्वलाने सांगितलं म्हणून ठेवली,’ त्या जमलेल्या सगळ्यांना सांगत होत्या. लोक उज्ज्वलाला हात जोडत होते. मी बाजूला उभी राहून वाट बघत होते, की ती आता माझं नाव घेईल. तिने घेतलं नाही.

घरी परतताना मी तिच्याकडे बघायचं टाळलं. तिने ते ओळखलं. ‘तुझं नाव मी मुद्दाम घेतलं नाही,’ ती म्हणाली. ‘आज हात जोडतायत. अजून सगळी माणसं भेटली नाहीत.’

ती काय म्हणत होती ते दुपारी कळलं. एक बाई पायऱ्या चढून आली. कमरेला खोचलेला पदर, पोटऱ्यांपर्यंत वाळलेला चिखल. तिने अंगणातूनच आवाज दिला. तिच्या मुलाला दमा आहे. तो तोंडात मारायचा पंप घरी राहिला होता. तो मुठीत धरून ती पऱ्याच्या पलीकडे अंधार पडल्यावरही उभी होती, आणि पाण्याच्या आवाजात तिची हाक शाळेच्या बाजूला कोणाला ऐकू येत नव्हती. पोराला धाप लागली तेव्हा प्रकाशने त्याला मांडीवर बसतं धरून, गरम पाणी पाजत सकाळ केली होती.

‘कोणी सांगलान, पोरांना ठेवा म्हणून?’ ती विचारत होती. ‘तुमच्या पाच गड्यांतल्या एकाला तरी म्हायत होता काय, माझ्या पोराला काय व्हता ता? माझा पोर गेला असता मग?’

उज्ज्वला खाली मान घालून ऐकत होती. तिने आपली बाजू मांडली नाही, पाणी चढलं असतं असं म्हणाली नाही. ‘नव्हतं माहीत,’ एवढंच म्हणाली. ‘आम्ही विचारायला हवं होतं.’

मी तिथे उभी राहून बघत होते, आणि सकाळच्या त्या हात जोडण्यापेक्षाही मला या रागवण्याचा हेवा वाटला. माझे गडी बंद पडले तेव्हा सांगलीत एक माणूस भांडायला आलं नव्हतं. ज्याच्यावर भिस्त नाही त्याच्यावर कोण रागावणार? ही बाई चिखल तुडवत आली होती ती आपल्या माणसाला जाब विचारायला.

मी पुढे झाले. ‘ताई, ठेवा असं मी सांगितलं. उज्ज्वलाने नाही.’

तिने मला नखशिखान्त न्याहाळलं. ‘तुमी कोण?’

‘मी संध्या. सांगलीची.’

‘सांगलीच्या काय? मग सांगलीत जाऊन सांगा,’ ती म्हणाली आणि पुन्हा उज्ज्वलाकडे वळली. ‘आजपासून एक पंप शाळेत ठेवायचा. आनि बाकीच्यांच्या पोरांना काय काय लागता ता घरोघर विचारायचा. समाजला?’

‘समजलं, वैनी,’ उज्ज्वला म्हणाली. ‘बस. चहा टाकते.’

ती बसली. सासूबाईंनी तिच्या पायांवर तांब्याने पाणी ओतलं. ती चहा प्यायली, मुलाचं नाव, इयत्ता, कोणतं औषध, सगळं तिने सांगितलं, आणि फोनच्या गड्याने संध्याकाळपासून प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली: मुलाला रोज काही औषध लागतं का?

पाचव्या दिवशी मी निघाले. उज्ज्वला म्हणाली, ‘गडी घेऊन जा. सगळेच्या सगळे. तुझेही आहेत ते.’ मी घेते म्हटलं. तिच्याकडून घ्यायला किती जड जातंय हे तिला दिसत होतं आणि तिने ते दिसू दिलं नाही. या बाबतीतही ती माझ्यापुढेच आहे.

सांगलीला येऊन आता पंधरवडा होत आला. कार्यालयांचे उंबरठे झिजवणं मी तूर्त बाजूला ठेवलंय. आमच्या नदीकाठच्या गल्ल्यांत दारोदार जाते आणि घरात कोणाला काय औषध लागतं, कोणाला चालता येत नाही, तेवढं विचारते. बहुतेक जण दारातूनच वाटेला लावतात. काल एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘आत्ता आलीस व्हय? गेल्या पुरात माझा म्हातारा खाटंवर पाण्यात बसलेला, तवा कुठं होतीस?’

मी त्यांच्या उंबऱ्यावर टेकले आणि म्हटलं, ‘बोला आजी. सगळं बोला.’